लोकांना फसवून घ्यायला आवडतं म्हणे! जेसीपेनीची अर्धीच सांगितलेली गोष्ट

एक गोष्ट सारखी फिरत असते. अमेरिकेतल्या जेसीपेनी या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळीने २०१२ मध्ये खोटे डिस्काउंट बंद केले, टॅगवर सरळ खरी किंमत लिहिली, तर गिऱ्हाईक पळालं आणि कंपनी बुडाली. तात्पर्य काय, तर लोकांना फसवून घ्यायलाच आवडतं. मीटिंगमध्ये सांगितली की सगळे माना डोलावतात. पण यातलं एकही वाक्य धड पूर्ण खरं नाहीये, म्हणून एकेक घेऊ.

"खरी किंमत लावली." बरं. ॲपलची दुकानं उभी करणारा रॉन जॉन्सन नोव्हेंबर २०११ मध्ये जेसीपेनीचा सीईओ झाला. त्या वर्षात कंपनीने ५९० सेल लावले होते, म्हणजे दिवसाला एकाहून जास्त, त्यामुळे वैताग आला तर नवल नाही. १ फेब्रुवारी २०१२ पासून टॅग किमान ४० टक्के उतरवले आणि कूपन बंद केली. आता मेख बघा, कंपनीनेच सांगितलं होतं की जवळपास तीन चतुर्थांश विक्री ५० टक्के किंवा त्याहून जास्त सूट देऊनच होत होती. म्हणजे समजा टॅग ५० डॉलरचा, सेलमध्ये ६० टक्के उतरून ब्लाउज २० ला, वर कापून आणलेलं १० डॉलरचं कूपन, हातात पडला १० ला. नव्या पद्धतीत तोच टॅग ४० टक्के उतरला की झाला ३०. सगळ्याच वस्तूंचं असं झालं नसेल, काही टॅग आणखी खाली आले असतील, पण पर्समध्ये कूपन जपून आणणाऱ्या बाईला १० च्या जागी ३० मोजावे लागले तर ती दुसऱ्या दुकानात जाणारच ना? यात मानसशास्त्र कुठून आलं, साधा हिशोब आहे.

"किंमत सोपी केली." अजिबात नाही. एक रोजचा भाव, एक महिनाभराचा भाव, आणि तिसरा 'बेस्ट प्राइस', जो महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी. लाल, पांढरे, निळे टॅग. 'सेल' हा शब्दच वापरायचा नाही असं ठरवल्यावर सेलला सेल न म्हणता सेल समजावून सांगायची वेळ आली. सुरुवातीच्या जाहिरातीत तर लोक पत्रपेटीत आलेल्या सेलच्या कागदांकडे बघून "नोऽऽऽ" करून किंचाळतायत, बास. दुकानात काय मिळतं, केवढ्याला मिळतं, काही नाही. आणि किंचाळणारे ते लोक म्हणजे कोण, तर आपलंच रोजचं गिऱ्हाईक, ज्याला ते कागद चाळायला आवडायचं! मार्केटिंग बघणारे प्रेसिडेंट मायकल फ्रान्सिस जूनमध्येच बाहेर पडले, आणि ऑगस्टपर्यंत महिनाभराचा भाव काढून टाकून 'क्लिअरन्स' हा शब्द परत आणावा लागला. प्रामाणिक असणं वेगळं आणि कळेल असं बोलणं वेगळं, यांना दुसरं जमलं नाही.

"फक्त प्रामाणिकपणा आणला आणि विक्री पडली." फक्त? लोगो बदलला. दुकानात छोटी दुकानं काढायची म्हणून तोडफोड सुरू केली. सेंट जॉन्स बे हा स्वतःचा चांगला खपणारा ब्रँड आवरता घेतला, म्हणजे मध्यमवयीन बाई वर्षानुवर्षं जी पँट घ्यायला यायची तीच रॅकवरून गेली. ऑनलाइनची आणि दुकानांची माल घेणारी टीम वेगळी केली. आणि हे सगळं सुमारे ११०० दुकानांत, आधी चार ठिकाणी करून न बघता, कारण ॲपलमध्ये कुठे टेस्ट करायचो, असं साहेबांचं म्हणणं. इतकं सगळं एकदम हलवल्यावर कशाने काय झालं हे कोण सांगणार? त्यातून नेमका प्रामाणिकपणाच आरोपी म्हणून उचलायचा म्हणजे कमाल आहे.

"सेलशिवाय गिऱ्हाईक येतच नाही." वॉलमार्ट रोजच्या कमी भावावरच मोठं झालं. कॉस्टको ही अमेरिकेतलीच दुसरी साखळी मालावर साधारण १५ टक्क्यांच्या वर चढवत नाही, आणि लोक तिथे शिरायला वर्षाची फी भरतात! एक गोष्ट मात्र मान्य करतो. दूध किंवा डिटर्जंट कुठे केवढ्याला हे लोकांना पाठ असतं, दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा ब्लाउज कितीचा असायला हवा हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तिथे खोडलेल्या जुन्या आकड्याचा आधार वाटतो. तो आधार काढलात तर दुसरा काहीतरी द्या, कापड दाखवा, शेजारच्या दुकानाचा भाव दाखवा. यांनी फक्त काढला.

"कंपनी बुडाली." २०१२ मध्ये विक्री १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर आली, तोटा ९८.५ कोटी, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन घरी. भयानकच आहे, वाद नाही. पण दिवाळखोरीचा अर्ज मे २०२० चा, सात वर्षांनंतरचा, मधली सगळी वर्षं सेल आणि कूपन जोरात चालू असताना, डोक्यावर मोठं कर्ज आणि कोविडने दुकानांना कुलूप. मग कूपनांनी का नाही वाचवलं?

आणि ज्यांना फसवून घ्यायला आवडतं म्हणतात, त्या गिऱ्हाइकांचं सांगायचं राहिलं. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी याच जेसीपेनीवर केस टाकली होती, की खोडलेल्या जुन्या किमती खोट्या होत्या, त्या भावाला माल कधी विकलाच नव्हता. नवे दर यायच्या आधीच्या खरेदीबद्दलची केस. २०१५ मध्ये कंपनीने ती ५ कोटी डॉलरला मिटवली.