पाण्याचा वास गेला म्हणून शिसं गेलं असं धरू नका

नमस्कार सर,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे मुद्दे दोन. करवंटीच्या सक्रिय कार्बनने (म्हणजे प्रक्रिया करून असंख्य बारीक छिद्रं पाडलेल्या कोळशाने) पाण्यातलं शिसं ९५ टक्क्यांहून जास्त निघतं असं सांगणारे कितीतरी शोधनिबंध असताना ‘जड धातूंसाठी साध्या कार्बन फिल्टरवर विसंबू नका’ असं मी माझ्या लेखात का म्हणालो? आणि असं म्हणून मी लोकांना महागड्या आरओकडे ढकलतोय.

निबंधांतले आकडे खरे आहेत, पण टक्के कशाचे ते पाहायला हवं. अशा प्रयोगांत बरेचदा शुद्ध पाण्यात शिशाचा क्षार विरघळवून द्रावण करतात. समजा लिटरला ५० मिलिग्रॅम शिसं घेतलं आणि ९८ टक्के निघालं. उरलं १ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे प्रयोग यशस्वी, आणि पाणी मर्यादेच्या १०० पट. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी हा निकाल मोलाचा आहे. पेल्यातल्या पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसरं, कार्बन आणि शिसं यांचं मुळात फारसं जमत नाही. एक ग्रॅम सक्रिय कार्बनच्या छिद्रांमध्ये साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. बेंझीन, बरीच कीटकनाशकं, वास आणणारी संयुगं पाण्यात नाखुशीनेच राहतात. तो पृष्ठभाग मिळाला की त्याला चिकटतात. शिशाचा आयन विद्युतभारित, पाण्याच्या रेणूंनी वेढलेला. त्याला धरतात ते कार्बनच्या कडांवरचे ऑक्सिजनयुक्त गट, आणि साध्या कार्बनवर ते थोडेच असतात. म्हणून पुष्कळ निबंधांत कार्बनवर आधी नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेली असते. पाणी आम्लधर्मी झालं की त्या जागा हायड्रोजन आयन अडवतात. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही तिथे वाटेकरी होतात. दुकानदार ज्या आयोडीन नंबरची जाहिरात करतात, तो बारीक छिद्रं किती ते सांगतो. शिशाबद्दल त्यावरून काही कळत नाही.

तरीही तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, गंज रोखणारी प्रक्रिया केली नाही, आणि नळांतून शिसं येऊ लागलं. तिथे नळाला लावायचे कार्बनचेच फिल्टर वाटले, आणि ते उपयोगी ठरल्याचं तिथल्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये तपासून सांगितलं. पण ते शिशासाठी वेगळी चाचणी होऊन प्रमाणित झालेले होते. अशा दाबून बनवलेल्या कार्बन ब्लॉकमध्ये सहसा शिसं धरणारा वेगळा पदार्थ मिसळतात, आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं. असा फिल्टर मिळत असेल तर जरूर घ्या, असं मी कुणालाही सांगेन. फक्त शिशाचाच प्रश्न असेल तर आरओची गरजही नाही, पाणीही वाया जात नाही.

आर्सेनिकचंही तसंच. बांगलादेशासाठी अबुल हुसाम यांनी केलेल्या सोनो फिल्टरला २००७ मध्ये ग्रेंजर पुरस्कार मिळाला. त्यात लाकडी कोळसा आहे, पण आर्सेनिक पकडतं ते लोखंडाचं मिश्रण. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडवर तर साध्या कार्बनचा भरवसा अजिबात धरू नये.

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मात्र मी अस्वस्थ झालो: ‘आमच्या फिल्टरच्या पाण्याला कसलाही वास-चव नाही.’ क्लोरीन आणि वास घालवण्यात कार्बन इतका तरबेज आहे की पाणी गोड लागतं आणि माणूस निश्चिंत होतो. पाण्यात आढळणाऱ्या प्रमाणात शिशाला ना चव, ना वास, ना रंग. पीव्हीसी पाइप बनवताना प्लास्टिक टिकावं म्हणून मिसळतात त्या शिशाच्या संयुगांवरचे (स्टॅबिलायझरवरचे) नियम आपल्याकडे २०२१ साली आले. त्याआधीचे पाइप अजून भिंतींत आहेत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर चवीच्या भरवशावर राहणं मला मान्य नाही.

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरला इतकं कमी शिसं दिसत नाही. रात्रभर पाइपात साचलेलं सकाळचं पहिलं पाणी एका बाटलीत भरा, तेच फिल्टरमधून काढून दुसऱ्या बाटलीत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दोन्हींची खास शिशासाठी तपासणी करून घ्या. निकाल तुमच्या बाजूने आला तरी पाठवा, मी तो फिल्टरच्या प्रकारासकट मूळ लेखात घालेन.