गाडीचीही आगोट करा

मे महिना संपत आला की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल उडते. कौलं चाळायची, पडवीला झड बांधायची, लाकडं कोरडी आहेत तोवर आत घ्यायची, मसाला नि सुकी मासळी डब्यांत भरायची. आणि अंगणात उभ्या असलेल्या १४ वर्षांच्या गाडीला काय? फार तर नवे वायपर. मग ऑक्टोबरात कोणीतरी पायाखालचं कार्पेट उचलतो आणि पत्र्याच्या जागी अंगण दिसतं.

किनारपट्टीवरची गाडी इंजिनानं मरत नाही, ती खालून कुजून मरते. दीड-दोन लाख किलोमीटर हा आकडा बऱ्याच साध्या इंजिनांना जड नाही. देशावर, सोलापूर-लातूरकडे, त्याच मॉडेलची त्याच वयाची गाडी खालून खणखणीत असते. आपल्याकडे मात्र लोक इंजिनावर पैसे ओततात, महागडं ऑइल, इंजेक्टर क्लीनर, पॉलिश, आणि गाडीखाली वाकून बघायला कोणी तयार नाही.

कारण स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः ओलं होतं. देवगड, वेंगुर्ले, गुहागर, हर्णै, कुठेही घ्या, समुद्रावरचा वारा मिठाचे तुषार घेऊन येतो आणि ते गाडीच्या पत्र्यावर बसतात. मग पाऊस नसला तरी रात्रभर पत्र्यावर खारट ओलाव्याचा पातळ थर राहतो. म्हणून एक उलटी वाटणारी गोष्ट: बॉनेट आणि टप पावसात धुऊन निघतात, तिथे गंज कमी. जिथे पाऊस पोचत नाही पण खारी हवा पोचते, म्हणजे चाकांच्या कमानींचा आतला भाग, दाराखालच्या पोकळ पट्ट्या (सिल), मागच्या एक्सलच्या आजूबाजूचा पत्रा, तिथे गाडी खाल्ली जाते. त्यात आपली तांबडी माती. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या ओठावर ती चिखल होऊन बसते आणि पोटीस बांधल्यासारखी ओल धरून ठेवते. वॉशिंगवाला पाण्याचा फवारा बाहेरून मारतो, तो तिथे लागतच नाही. त्या ओठावरून बोट फिरवा. मूठभर माती निघाली नाही तर सांगा.

आता आगोट कशी करायची ते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात करा, शेवटच्या आठवड्यात नाही. वळीव आला की काम फुकट. गाडी लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्यानं प्रेशर वॉश, मग पूर्ण दोन दिवस कडक ऊन. त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द. भद्द वाजलं तिथे टोकानं दाबून बघा. गंज वरवरचा असेल तर वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं उघडा करा, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग इपॉक्सी प्रायमर, आणि तो पूर्ण सुकल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, अंडरबॉडी कोटिंग. सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांना देणारे दांडे), ब्रेकचे भाग, सेन्सर आणि पाणी निघायची भोकं कागद-टेप लावून झाका. सिलच्या आणि दारांच्या पोकळीत मात्र काळं कोटिंग नको. तिथे लांब नळीनं पातळ मेण-स्प्रे मारायचा, तो फटींत झिरपतो.

बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर गाडी आली, पाणी मारलं, तासाभरात गंजावरच काळा डांबरी थर चढवला. वाळवी लागलेल्या वाशाला तेलपाणी केल्यासारखं आहे हे. थराखाली ओल अडकते, दोन वर्षांनी तो पापुद्रा सुटतो आणि बरोबर पत्रा घेऊन पडतो. असं कोटिंग करण्यापेक्षा न केलेलं बरं, निदान गंज दिसतो तरी. आणि जळकं ऑइल खालून फवारायचा जो प्रकार आहे, तो जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांना चालत असेल. मोटारीत ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकच्या लायनरवर उडतं, आणि पहिल्या दोन पावसांत धुऊन विहिरीकडे जातं.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. ती मातीनं बुजतात आणि दारात पाणी साठतं. गाडी वळवताना दारातून 'चुबुक' आवाज आला तर तेच. भोकं मोकळी करायला तार नको, रंग खरवडला जातो. खराट्यातला एक हीर पुरतो. तसंच वायपरखालच्या जाळीचं. गाडी फणसा-आंब्याखाली उभी असेल तर तिथे पानांचा चोथा होतो, पाणी ब्लोअरमधून थेट पायाशी उतरतं. एसीची पाणी टाकणारी नळी तुंबली तरी तेच. कार्पेटला कुबट वास आला की परफ्यूम लटकवू नका, कार्पेट उचला.

खालून बघताना एका गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जोर असतो: ब्रेकच्या लोखंडी नळ्या. त्या फ्लोअरखालून मागे जातात आणि जिथे क्लिपमध्ये बसवलेल्या असतात तिथे माती धरून क्लिपच्या आड बाहेरून सडतात. क्लिप उघडून नळी पुसा. नुसता तपकिरी रंग असेल तर साफ करून ग्रीस लावा. नखाला खड्डे लागले तर नळी बदला, उद्यावर टाकू नका. नट अडकलेले असतात, आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर नटाबरोबर नळीही पिळून तुटते. नवी नळी तांबं-निकेल मिश्रधातूची मिळाली तर तीच घाला, ती गंजत नाही.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या दमट हवेत लवकर शोषतं. नवं डॉट ४ (बाटलीवर लिहिलेली ब्रेक ऑइलची प्रत) ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर मानक १५५ अंशांवर येतं. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. आंबोली किंवा करूळ घाट तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरलात तर हे तापमान गाठणं अवघड नाही. मग ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला लागतं. ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. अर्धा ते एक लिटर लागतं, सीलबंद बाटली घ्या, गॅरेजमधली महिनाभर उघडी पडलेली नको. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका. मागचे लायनर ड्रमला चिकटतात, केबलही कव्हरमध्ये गंजून अडकते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना वर्षातून एकदा काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावायच्या, साधं पिवळं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. एका बाजूची पॅड निम्मी आणि दुसऱ्या बाजूची संपलेली निघाली तर पिन अडकली आहे असं समजा. नुसत्या पॅड बदलून ते सुटत नाही.

कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, दोन वाक्यं पुरली असती, पण रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी भरायचा हट्ट सुटत नाही. खाडीकाठच्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते रेडिएटर आणि वॉटर पंप आतून खातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला. रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ०.९ बारचं झाकण दाब धरत असेल तर आत साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब जातो आणि गाडी नेमकी घाटात उकळते. झाकण काही शे रुपयांचं, हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या वरच्या सांध्यातल्या पॅकिंगचं) काम काही हजारांचं. "गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाकू" म्हणणाऱ्या मेस्त्रीला नम्रपणे नको म्हणा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की पावसाळ्यात इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइलमध्ये ओल राहते.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लोक घाबरतात. घर ते बाजारपेठ, तीन किलोमीटर, एवढीच गाडी फिरत असेल तर पावसाळ्यात ती साय येतेच. इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ आतच राहते. आठवड्यातून एकदा सलग पाऊण तास चालवा. मात्र कूलंट कमी होत असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर ते गॅस्केट. जुन्या गाडीला ऑइल ५,००० ते ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. जुन्या मारुती ८०० आणि सुरुवातीच्या अल्टोला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा रबरी पट्टा) आहे. चेन नव्हे, हे गाडी हातात घेतल्याबरोबर माहीत करून घ्या. शेवटचा कधी बदलला ते कळत नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला.

इलेक्ट्रिकचे निम्मे आजार हे आजार नसतातच, अर्थिंग असतं. हेडलाइट मंद, स्टार्टर दमलेला, इंडिकेटर लावला की हॉर्न घोगरा. बॅटरी बदलायच्या आधी मल्टिमीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर (पकडीवर नाही), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी) गंजली आहे. ती काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं जातो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट दर सर्व्हिसिंगला चिरा पडल्यात का बघायचे. चीर पडली की ग्रीस बाहेर, तांबडी माती आत, आणि महिन्याभरात वळताना कटकट सुरू. बूट आणि नवं ग्रीस हे स्वस्तातलं काम आहे, आतला जॉइंट बदलणं नाही.

चाकरमान्यांनी गावच्या घरी ठेवलेल्या गाड्यांबद्दल: ताडपत्री गुंडाळू नका. खालून जमिनीची ओल वर येते आणि आतच कोंडते. उघड्या बाजूंची पत्र्याची शेड, खाली कोबा किंवा चिरे, गवत काढलेलं. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवून ठेवा. बॉनेटखाली उंदीर घर करतात, वायरिंग कुरतडतात. गाडी महिन्यातून एकदा कोणी तासभर फिरवली तर ते टिकत नाहीत, डांबरगोळ्यांचा भरवसा मला वाटत नाही. टाकी भरलेली ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेही ओल शोषतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलसाठी बनलेले नाहीत, त्यांना दाबून बघा. कडक किंवा चिकट लागले तर सगळे एकदम बदला.

आणि कृपा करून गाडी पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, घालू नका. रील पंधरा सेकंदांची असते, मीठ सिलमध्ये वर्षानुवर्षं राहतं. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर चढता-उतरताना चाकांना खारं पाणी लागलं, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा. पुरात चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं असेल तर गिअर ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर बदला. त्याहून वर चढलं असेल तर चावी फिरवूच नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी ओसरल्यावर असल्या गाड्यांची रांग होती.

राहिला प्रश्न थांबायचं कधी. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, फिटनेस काढायचं, पर्यावरण कर भरायचा, त्याच्या आधी हे तपासा. फ्लोअरला भोक पडलं तर चालतं: चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, नवा तुकडा सलग वेल्ड करायचा, दोन्ही बाजूंनी प्रायमर, सांध्यावर सीलर. फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेलं चालत नाही. पण सस्पेन्शनचा टॉवर, लोअर आर्म जिथे बोल्टनं बसतो ती जागा आणि मागच्या एक्सलचे माउंट, इथला पत्रा स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पापडासारखा मोडला, तर त्या गाडीला नवे टायरसुद्धा घालू नका. बॅटरी, अल्टरनेटर आणि चांगल्या काचा काढून ठेवा, त्या मॉडेलची दुसरी गाडी गावात असतेच, आणि ती अधिकृत स्क्रॅप केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्या.