अर्धी टाकी

हिवाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढली, ताडपत्री झटकली आणि सहज बोलून गेलो, "टाकी निम्मी आहे. राहू दे की तशीच!"

धक्क्यावर सन्नाटा.

डावीकडचे बोटवाले काका म्हणाले, "भर! रिकाम्या जागेत हवा, हवेत दमटपणा, थंडीत त्याचं पाणी. पेट्रोलमधलं इथेनॉल ते पाणी पिणार आणि तळाला जाऊन बसणार." उजवीकडचे काका म्हणाले, "उपस! वसंतापर्यंत पेट्रोल शिळं होतं." दोघांचं एकमत एकाच मुद्द्यावर होतं : अर्धी टाकी ठेवतो तो गाढव.

उपसण्यापेक्षा भरणं सोपं वाटलं. आधी स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवायचं औषध, ओतलं, वर पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. (शिळं झालेलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही, हे बाटलीवर बारीक अक्षरांत असतं.) गार सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली. दुपारी ऊन आलं, पेट्रोल फुगलं आणि व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या भोकातून, बाहेर आलं. पांढऱ्याशुभ्र कडेवरून पिवळसर ओघळ, अगदी सावकाश, मला बघत बघत उतरला. 95 टक्क्यांवर थांबायचं असतं म्हणे. मी व्हेंटला बूच मारायला निघालो, तेव्हा दोन्ही काका आयुष्यात पहिल्यांदा एकत्र धावले. टाकीला श्वास लागतो!

मग औषध इंजिनापर्यंत पोचावं म्हणून इंजिन दहा मिनिटं चालवायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी दबा धरून बसते. म्हणून आधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा. शिवाय बोट जमिनीवर, तेव्हा इंजिनाला नळाचं पाणी जोडा, नाहीतर पंपाचं रबर जळतं. सलाइन लावलेल्या पेशंटसारखी ती गुरगुरत उभी होती.

फिल्टरच्या वाटीतलं काचेच्या बरणीत ओतलं. वर सोनेरी पेट्रोल, खाली गढूळ पाण्याचा बोटभर थर, मध्ये आखल्यासारखी रेघ. अख्खा मोसम मी इंजिनाला हेच पाजत होतो? मी गहिवरून बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, ती माझी बरणी."

उरलं फक्त वरचं थोडं पेट्रोल कॅनमध्ये काढणं. नळीचा पंप दाबला, धार लागली, आणि व्हेंटला बूच का नको यावर डावीकडच्या काकांचं प्रवचन सुरू झालं. ते संपलं तेव्हा दुसरा कॅन भरत आला होता. काटा पाहिला. बरोब्बर निम्म्यावर.

मी मुकाट्याने ताडपत्री ओढली. डावीकडे सांगितलं, भरली. उजवीकडे सांगितलं, उपसली. दोन्ही खरंच आहे.