माझ्याच बँक खात्याचा उतारा माझ्या स्क्रिप्टला का मिळत नाही?

डोकं फिरलंय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब मी एचलेजर या हिशेबाच्या मोफत प्रोग्रॅमवर ठेवतो. साध्या टेक्स्ट फायली, टर्मिनल, बस्स. सगळी कामं मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आपोआप करते, खरं बँकेपाशी आलं की गाडी ठप्प. लॉगिन, कॅप्चा, ओटीपी. खानापूरकडच्या जंगलपट्ट्यात असलो तर ओटीपी येईपर्यंत सेशन मेलेलं असतं.

आणि एवढं करून हातात काय पडतं? नाव एक्सेल फाईलचं, आत एचटीएमएलचं टेबल! वर शाखेचा पत्ता, खाली सूचना, मधेच रिकाम्या ओळी. तारखेत साल कधी दोन आकडी, कधी चार. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक एक्सेलमध्ये उघडला की 'ई+११' होऊन बसतो, मग कुठल्या गिऱ्हाइकाचे पैसे आले ते शोधत बसा. पीडीएफ घ्यावी तर तिला कुलूप, आणि कुलूप काढून मजकूर ओढला की जमेची रक्कम नावेच्या रकान्यात. सेलेनियम नावाच्या साधनाने ब्राउझर आपोआप चालवून बघितला, बँकेने एक बटण हलवलं की सगळं कोसळतं. शाखेत विचारलं तर उत्तर, "ॲपमध्ये दिसतंय की ओ सर, अजून काय पाहिजे?"

अहो, मला एक रुपया हलवायचा नाही! फक्त वाचायचंय!

जमत नाही म्हणू नका. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली अकाउंट ॲग्रिगेटरचे, म्हणजे खातेदाराच्या संमतीने त्याची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडं पोचवणाऱ्या कंपन्यांचे, नियम केले, २०२१ पासून ती व्यवस्था चालू आहे. मशीनला वाचता येईल असा उतारा तिच्यातून जातो, खरं जातो तो नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांकडं. कर्ज देणारी कंपनी माझ्या संमतीने माझा उतारा ओढते, माझ्या स्क्रिप्टला मात्र ते दार बंद. जर्मनीत खातेदाराच्या प्रोग्रॅमने बँकेशी थेट बोलायचं एचबीसीआय, आता फिनटीएस, हे खुलं प्रमाणक नव्वदच्या दशकापासून आहे. तिथला साधा खातेदार एक्यूबँकिंग (AqBanking) हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन कमांड लाईनवरून उतारा घेतो. सुरक्षेचा कोड तिथेही लागतो.

सुरक्षा सुरक्षा म्हणून आम्हाला गप्प करता. आमच्याकडं कित्येक दुकानदार कंटाळून नेटबँकिंगचा पासवर्डच हिशेबनिसाला देऊन टाकतात आणि ओटीपी फोनवरून सांगतात. ही सुरक्षा? फक्त उतारा वाचणारी, पैसे पाठवूच न शकणारी, हवी तेव्हा रद्द करता येणारी एक किल्ली खातेदाराला द्या. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलीय आणि मी अजून रकाने सरळ करत बसलोय.