खुलासा : ओरखडे फडक्याने नाही, धुळीने पडतात

‘मायक्रोफायबरने (अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांच्या फडक्याने) गाडीवर ओरखडे पडतात, जुनी बनियन बरी’ हा मेसेज सध्या साताऱ्यात फिरतोय. तो चूक आहे. ओरखडे पाडते ती फडक्यात अडकलेली धूळ. कासहून आलेल्या गाडीवरचा तांबडा चिखल आधी पाण्याच्या फवाऱ्याने उतरवा. कोरडाच पुसलात तर कुठलंही फडकं चरे पाडेल, बनियनही. सुकवायला ५०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरमागे ५०० ग्रॅम वजनाच्या) पुढचं जाड फडकं घ्या, न घासता अलगद ओढा. जमिनीवर पडलेलं झटकून परत वापरू नका (आपल्याकडे सर्रास चालतं!). ‘सॉफ्टनरमध्ये (कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात) भिजवा’ हा त्याच मेसेजमधला सल्ला तर उलटाच : सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. साधा लिक्विड साबण पुरे, सुती कपड्यांपासून मात्र वेगळं धुवा. त्यांची लव चिकटते.