डोळे मिटून पाहिलेली मालिका

मालिकेचा शेवट न विचारता सांगणे हा गुन्हा ठरवून त्याला दंड ठेवला पाहिजे आणि दंडाची रक्कम मालिकेच्या एकूण भागांवरून काढली पाहिजे, अशा मताला मी नुकताच आलो आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेचे भाग ६२ आहेत. ते मी आणि सौ. रोज रात्री जेवणानंतर, एकाने दुसऱ्याला सोडून पुढे जायचे नाही या कराराने पाहत होतो, आणि शेवटचे मोजके भाग उरले असताना चष्म्याचा नंबर तपासून घेण्यासाठी मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

तेथे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून थेंब घालतात आणि “डोळे मिटून बसा, उघडायचे नाहीत” असे बजावून बाकावर बसवतात. मग थोड्या वेळाने पुन्हा थेंब, पुन्हा बाक. त्या बाकावर भिंतीला डोकी टेकून आम्ही सगळे ओळीने बसलो होतो. वर्तमानपत्र वाचता येत नाही, मोबाइल बघता येत नाही आणि उठून चालू लागावे तर दार कुठल्या बाजूला आहे याची खात्री नसते. कानांना पापण्या नसतात, ही देहरचनेतली त्रुटी मला त्या दिवशी प्रथमच जाणवली.

“डोळं कशानं गेलं तुमचं?” डाव्या हाताकडून आवाज आला.

गेले नाहीत, नंबर तपासायचा आहे, असे मी सांगितले.

“माझं मालिकांनी गेलं. डॉक्टर म्हणत्यात मोतीबिंदू हाय. मी म्हणतो, मालिका हायत. तुम्ही काय बघतासा?”

अनोळखी माणसाशी बोलताना हवापाण्याचा विषय काढावा, हे मला ठाऊक आहे. तरी मी मालिकेचे नाव सांगितले, कारण या वयाच्या गृहस्थांनी ते ऐकलेही नसेल असा माझा कयास होता.

“मास्तराची व्हय!” काका आनंदले. “आवो, दोनदा बघितलीया मी.”

पुढे कळले ते असे. काकांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. आता सौदे मुलगा बघतो आणि काका घरी असतात. नातवाने त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला आणि त्यावर देशोदेशीच्या मालिका लावून दिल्या, पण जुना टीव्ही काकूंनी काढू दिला नाही. दोन्ही टीव्ही एकाच खोलीत समोरासमोर आहेत. संध्याकाळी सातपासून काकूंच्या मालिका लागतात. त्यावरून बरेच दिवस वाद झाला आणि शेवटी घरात तोडगा निघाला, की काकूंच्या टीव्हीला आवाज राहील आणि काकांच्या टीव्हीला चित्र.

“म्हणजे तुम्ही अख्खी मालिका आवाज बंद करून पाहिलीत?”

“दोनदा.”

“आणि खाली अक्षरे येतात ती?”

“ती इंग्रजीत. आणि मोतीबिंदू हाय म्हणून सांगितलं की मगाशी.”

“मग गोष्ट कळली कशी?”

“चाळीस वर्षं गुळाचा रवा नुसता बघून आत काय हाय ते सांगत आलोय. माणसाचं तोंड बघून सांगता येणार न्हाई व्हय?”

येथे मी निर्धास्त झालो. ज्याला ऐकू येत नाही, वाचता येत नाही आणि धड दिसतही नाही, असा प्रेक्षक माझे काय बिघडवणार? काकांनी कथा सुरू केली. केमिस्ट्रीचा मास्तर. फुप्फुसाचा कॅन्सर. पगार पुरेना म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुवायला जातो. मग वाळवंटात चड्डीवर पळतो. येथवर सगळे अचूक होते. त्यानंतर त्यांनी मास्तराच्या धंद्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहायला सुरुवात केली. माल नशेचा होता, हे त्यांच्या लेखी दुय्यम होते.

“माल मात्र एक नंबर काढला त्यानं. निळा. शेवटपर्यंत प्रत सोडली न्हाई. आमच्यात गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून पावडरी मारणारी माणसं हायत. ह्यानं कधी भेसळ केली का? न्हाई. आता त्याच्या हाताखालचं ते पोरगं, ते सुरुवातीला जरा कच्चं होतं. पण मास्तरानं तयार केला. ह्याला म्हणायचा मास्तर!”

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एका गुन्हेगाराची शिक्षक म्हणून इतकी निखळ प्रशंसा मी ऐकली नव्हती, आणि तेथेच ती थांबली असती तर हा लेख मी लिहिलाही नसता. पण काकांचा आवाज हळूहळू शेवटाकडे उतरू लागला. मी घाईने म्हणालो, “काका, माझे शेवटचे भाग राहिलेत. शेवट सांगू नका.”

“शेवटात काय हाय?” काका म्हणाले, आणि शेवटात काय आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

ते वाक्य मी येथे देत नाही. मालिका २०१३ साली संपली असली तरी ती अजून न पाहिलेले वाचक असतील, आणि काकांमध्ये व माझ्यात काही फरक राहावा अशी माझी इच्छा आहे.

मी चिडलो. डोळे मिटून चिडणे फार अवघड असते, कारण कोणाकडे तरी रोखून पाहिल्याशिवाय राग पूर्ण होत नाही. तरी मी शक्य तितक्या कडक शब्दांत त्यांना सुनावले. काका शांतपणे म्हणाले, “१९८७ साली रविवारी सकाळी काय करत होता?”

“रामायण बघत होतो.”

“शेवटी रावण मरतो, हे तवा ठाऊक होतं का न्हवतं?”

“होतं.”

“तरी अंघोळ करून बसत होतासा का न्हाई? पाठोपाठ महाभारत लागलं. चौऱ्याण्णव भाग. कौरव जाणार, हे शेंबड्या पोराला ठाऊक. एक भाग चुकवला का कुणी? आणि तुमचा एवढा एक मास्तर कळला तर लगेच नासला?”

बाकभर हशा पिकला. मिटल्या डोळ्यांनी हसणाऱ्या माणसांत नेमके कोण हसले ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांवरच राग धरला.

या युक्तिवादाला उत्तर आहे आणि ते मला तेथे देऊ दिले गेले नाही, म्हणून येथे देतो. रामायण २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले, तेव्हा ते सगळ्यांनी एकाच वेळी पाहिले. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या सोप्यात आम्ही पोरे पुढे जमिनीवर, बायका मागे आणि पुरुष दारात उभे, अशी व्यवस्था असे. कोणीही कोणाच्या पुढे नव्हते. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाली, तेव्हा प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. त्यांनाही पुढच्या भागातले काही सांगायची घाई नसे. वीज गेल्यामुळे ज्याचा भाग चुकला असेल तो दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारत यायचा, आणि त्याला गोष्ट सांगणे ही सेवा होती. १९९९ साली ‘आभाळमाया’ लागली, तेव्हाही रात्री पाहिलेला भाग सकाळी दुधाच्या रांगेत सर्वांनाच ठाऊक असे. त्यावर भांडण व्हायचे ते कोण बरोबर आणि कोण चूक यावर. आता प्रत्येकजण आपापल्या मोबाइलमध्ये आपापल्या भागावर बसलेला आहे. एकजण तिसऱ्या सीझनला, दुसरा पाचव्याला, तिसऱ्याने केवळ नाव ऐकले आहे. अशा तिघांनी एका बाकावर बसून मालिकेवर बोलायचे म्हटले, तर एकाला तरी इजा होणारच.

माझे हे चिंतन उजवीकडच्या मावशींनी मोडले.

“तुमचं ते मास्तर-बिस्तर ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “राणादासारखा गडी दाखवा त्यात एक तरी. वडापनं गेलतो आम्ही सगळ्या मिळून शूटिंग बघायला. पाठकबाई माझ्यापासनं एवढ्या अंतरावर होत्या.”

‘एवढ्या’ म्हणताना त्यांनी हाताने अंतर दाखवले असणार. ते पाहू शकेल असे त्या बाकावर कोणी नव्हते, तरी सगळ्यांनी “होय?” म्हणून दाद दिली. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली आणि ती कोल्हापूरच्या मातीतली असल्याने तिच्याविषयी या शहरात बोलायचे झाल्यास आवाज जपूनच लावावा लागतो. मावशींच्या मते मात्र ती २०२१ साली संपलीच नाही. राणादा झालेले हार्दिक जोशी आणि पाठकबाई झालेल्या अक्षया देवधर यांचे २०२२ साली खरोखर लग्न झाले, तो तिचा शेवट.

“ही मालिका मी आवाज लावून बघितलो न्हवतो,” काका म्हणाले. “राणादा बोलतच न्हवता. आवाजाचं कामच काय?”

आजीला घेऊन आलेला एक महाविद्यालयीन मुलगा तेवढा उघड्या डोळ्यांचा होता. मी त्याला आपल्या बाजूला ओढण्याच्या हेतूने विचारले, की शेवट आधी कळला तर तुझा विरस होतो की नाही? तो म्हणाला, “मी आधी शेवटच बघतो. आवडला तर पहिल्यापासून बघतो. दीडपट वेगानं.” दीडपट वेगाने म्हणजे नेमके काय, हे त्याने मोबाइल माझ्या कानाशी धरून ऐकवले. माणसे बोलत नव्हती, तंटा करत होती. ज्या दिग्दर्शकाने एखादा क्षण पडद्यावर रेंगाळू दिला, त्या रेंगाळण्याचेच या मुलाने पैसे वसूल केले होते.

पैशांवरून आठवले. मला ‘असंभव’ पुन्हा पाहायची होती. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली ती मालिका लागायची तेव्हा रात्री परसातला दिवा मालवायला जायला आमच्या घरात कोणी तयार नसे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ही पाहायची होती; दिलीप प्रभावळकरांचे आबा दर आठवड्याला रात्री अर्धा तास आमच्याकडे राहून जात, असेच आम्ही धरून चाललो होतो. १९९३चा ‘ब्योमकेश बक्षी’, धोतर नेसून शांतपणे विचार करणारा रजित कपूर, तोही हवा होता. आता यांतले काय कुठल्या अॅपवर आहे, ते आज आहे तर उद्या राहील का, आणि त्या एका मालिकेसाठी वर्षाची वर्गणी भरायची की महिन्याची, याचा हिशेब घालता घालता रात्र संपते आणि पाहणे राहून जाते. वर्गणी भरली तरी मध्ये जाहिरात येते. ती येऊ नये यासाठी वरची वर्गणी निराळी असते. पूर्वी छपरावर चढून अँटेना फिरवावी लागे आणि खालून “आलं, आलं, गेलं!” असे ओरडणारा माणूस लागे, हा त्रास होता हे मान्य आहे; पण तो एकदाच करायचा होता आणि त्यासाठी बँकेतून दरमहा परस्पर पैसे वळते होत नसत. ही तक्रार मी बाकावरही मांडली. तिला कोणीही हसले नाही. काका एवढेच म्हणाले, “नातू भरतोय.”

पुढचे थोडक्यात सांगतो. एकेकाला आत बोलावण्यात आले. “टीव्ही-मोबाइल किती बघता?” या डॉक्टरांच्या प्रश्नाला बाकावरच्या प्रत्येकाने “फारसा नाही” असे उत्तर दिलेले बाहेर ऐकू आले. काकांचा आवाज त्यांत सर्वांत ठाम होता.

रात्रीपर्यंत डोळे ताळ्यावर आले आणि आम्ही उरलेले भाग पाहायला बसलो. सौ.ला काही कळू द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. पण जे होणार ते ठाऊक असताना चेहरा कोरा ठेवणे हे नटाचे काम आहे. एका प्रसंगात, पडद्यावर अजून काहीही घडलेले नसताना, माझ्या तोंडून “अरेरे” निघून गेले. सौ.ने काही न बोलता माझ्याकडे पाहिले. मी पाणी प्यायलो. आणखी काही वेळाने त्याच माणसासाठी माझ्याकडून उसासा टाकला गेला.

प्रत्यक्षात त्या माणसाला त्या भागात काहीच झाले नाही. या मालिकेत टक्कल असलेली माणसे एकाहून अधिक आहेत. काकांच्या मोतीबिंदूने त्यांची सरमिसळ केली होती आणि मी भलत्याच टकलासाठी हळहळत बसलो होतो.

सौ.ने रिमोट उचलून चित्र थांबवले. “तुम्ही पुढचं एकट्यानं बघितलंय,” ती म्हणाली.

मी सगळे सांगितले. गुळाचे एक व्यापारी, त्यांना मोतीबिंदू, त्यांनी मालिका आवाज बंद करून पाहिलेली, त्यांचेही डोळे मिटलेले आणि माझेही. सांगता सांगताच माझ्या लक्षात येत होते, की यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि एकही पटण्यासारखा नाही.

“एकट्यानं बघितलंत ते बघितलंत,” सौ. म्हणाली, “वर नीट बघितलंही न्हाईत.”

शेवटचा भाग तिने पाठ माझ्याकडे राहील अशा बेताने बसून पाहिला. सध्या ती रात्री जेवणे झाली की आतल्या खोलीत मोबाइलवर कुठलीशी नवी मालिका पाहते. चांगली असावी, कारण मधूनच हसण्याचा आवाज येतो. नाव विचारले तर म्हणते, “तुमच्या दवाखान्यातल्या काकांना विचारा की.”