कुकीची पट्टी आणि आपली तथाकथित संमती

फोन आपलं बोलणं ऐकून जाहिराती दाखवतो की नाही यावर परत वाद सुरू झालाय ग्रुपवर. अहो, ऐकायची गरजच काय, आपणच बोटाने टाइप करून सगळं सांगत बसलोय! आईच्या गुडघेदुखीसाठी म्हापशात चांगला डॉक्टर कोण म्हणून मी शोधलं, चार साइट उघडल्या, प्रत्येकीवर ती कुकीची पट्टी वर आली, दाबलं 'ॲक्सेप्ट ऑल', आणि मग काय, क्रिकेटचा स्कोअर बघावा तिथे नी-कॅपची जाहिरात, पावसाचा अंदाज बघावा तिथे नी-कॅप.

कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, ती मुळात वाईट नाही हां. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनियरने ती काढली, ऑनलाइन दुकानात कार्टमध्ये टाकलेली वस्तू पान बदललं तरी राहावी म्हणून. लॉगिन टिकतं तेही तिच्यामुळेच. खरी भानगड थर्ड पार्टी कुकीची. साइट आपण एक उघडतो पण त्या पानात जाहिरातवाली कंपनी घुसून बसलेली असते, ती स्वतःची कुकी टाकते, आणि पुढच्या दहा साइटवरही तीच कंपनी बसलेली, मग ही बाई कुठून कुठे गेली, काय वाचलं, सगळं त्या कंपनीकडे जमा.

यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे गोव्यात कसली आलीय प्रायव्हसी, कोणाकडे पाहुणे आले ते पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पाव घालून जाईपर्यंत अख्ख्या वाड्याला कळतं. कबूल. पण पोदेराला माझं घर माहीत तसं मलाही त्याचं घर माहीत आहे ना, जास्त चौकशी केली तर तोंडावर बोलता येतं. या कंपन्यांना कुठे गाठणार?

आणि ती पट्टी नीट बघा एकदा. 'ॲक्सेप्ट ऑल' हिरवंगार, जाडजूड. नाही म्हणायचं तर फिकट अक्षरात 'मॅनेज ऑप्शन्स', आत गेलं की बटणांची रांग, त्यातली 'लेजिटिमेट इंटरेस्ट'वाली (म्हणजे 'आमचं रास्त कारण आहे, तुमचा होकार नको') आधीच चालू, आणि खाली पार्टनर कंपन्या, शेकडो, अंगठा दुखेपर्यंत सरकवा. याला संमती म्हणायचं? फ्रान्समध्ये याच कारणावरून, म्हणजे होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला फेऱ्या, गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड झाला, २०२२च्या जानेवारीत जाहीर झाला तो.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला, डेटा संरक्षणाचा कायदा आला २०२३ मध्ये. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे डेटा कशासाठी घेताय ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार, म्हणजे मराठी आणि कोंकणी दोन्ही आल्या (निदान इथे तरी भांडण नको!). आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं. पण हे लागू होणार २०२७च्या मे महिन्यात.

गूगलच्या भरवशावर तर राहूच नका, आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी कुकी बंद करतो म्हणून २०२० मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये माघार घेतली. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये त्या आपोआप बंद असतात. क्रोमवाल्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक करा, एखाद्या साइटचं लॉगिन अडलं तर तेवढ्या साइटला सूट द्या. आईबाबांच्या फोनात तुम्हीच करून द्या, ते त्या मेनूत जाणार नाहीत.